पंक कुठं वाजतं?

परभणीहून पुण्याला शिकायला गेलेल्या माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी फोनवर विचारलं, "मामा, तुम्ही गाण्याबजावण्यावर लिहिता ना, मग सांगा, इथं पंक कुठं वाजवतात?" मी शाहिरी आणि कव्वालीवर लिहिणारा माणूस. परभणीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरला की कव्वाली कुठं आहे हे कुणाला विचारावं लागत नाही, गर्दी जाईल तिकडं आपण जायचं. पंकचं तसं नाही. त्याला उत्तर द्यायला मला तीन महिने लागले. तोवर तो एका पबच्या दारातून परतही आला होता. दारावरच्या माणसानं आधार कार्ड पाहिलं, वय १९, आत सोडलं नाही. तिकिटाचे पैसे गेले. वयाची अट तिकिटावर होती, पण तळाला, बारीक अक्षरात.

पंक म्हणजे काय, हे थोडक्यात. रॉक संगीत १९७० नंतर फार सजलं, वीस-वीस मिनिटांच्या वादनात रमलं. त्यावर वैतागलेल्या पोरांनी तीन कॉर्ड, दोन-अडीच मिनिटांचं गाणं आणि तोंडावर बोलणं एवढ्यावर आपलं संगीत उभं केलं. सफाई नसली तरी चालते, उधारीचा आव चालत नाही.

या संगीतासाठी मुद्दाम बांधलेली जागा सुरुवातीपासूनच नव्हती. न्यूयॉर्कच्या बावरी भागात हिली क्रिस्टल यांनी १९७३ साली सीबीजीबी उघडलं ते कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या संगीतासाठी. नावातली अक्षरं त्याचीच. तिथं वाजवायला आले ते पंकवाले. लंडनचा हंड्रेड क्लब हा जॅझचा अड्डा. सप्टेंबर १९७६ मध्ये तिथं दोन दिवसांचा पंक महोत्सव झाला, तो सोमवारी आणि मंगळवारी. यातली गोम लक्षात घेण्यासारखी आहे. पंकला मिळतात ते दुसऱ्याच्या जागेतले रिकामे वार. मुंबई-पुण्यातही स्वतःची गाणी वाजवणाऱ्या छोट्या बँडला बहुधा आठवड्याच्या मधलाच वार मिळतो; शनिवारी डीजे लागतो, कारण गल्ला त्यावर जमतो.

आता आपल्याकडची गोष्ट. मुंबईत रॉकचं घर होतं धोबी तलावचं रंगभवन. उघडं नाट्यगृह, स्वस्त तिकीट, कॉलेजची पोरं. १९८६ साली 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव तिथंच सुरू झाला. पण आजूबाजूला कामा आणि जी.टी. ही रुग्णालयं, शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. या शतकाच्या सुरुवातीलाच रंगभवनातला गोंगाट थांबला. रुग्णांच्या बाजूनं पाहिलं तर तक्रार करता येत नाही, तरी नुकसान झालं ते झालंच. त्याच नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केला. सरकारला वर्षातले फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, आणि ते सणावारांत संपतात.

मग रॉक बंद दाराआड गेलं. बंद दाराआड जागेचं भाडं निघतं ते दारूतून. आणि महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. म्हणजे ज्या वयात हे संगीत अंगात भिनतं, नेमक्या त्या वयाला दार बंद. माझ्या भाच्याला अडवलं ते दारावरच्या माणसानं नाही, या सगळ्या साखळीनं अडवलं.

जागाही टिकत नाहीत. लोअर परळच्या गिरणी आवारात २००७ साली उघडलेलं ब्लू फ्रॉग देशभर नावाजलं आणि २०१६ मध्ये बंद झालं. त्याच परिसरात कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जण गेले. म्हणून भाच्याला मी पहिली सूचना दिली ती संगीताची नव्हतीच: आत गेल्यावर आधी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा बघ. जाता जाता एक आठवण. याच गिरणगावात १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाचे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर गात होते. त्यांना चाळीचं पटांगण पुरत होतं आणि दारावर वय विचारणारं कुणी नव्हतं.

वयाच्या अडचणीवर अमेरिकेतल्या पोरांनी दोन तोडगे काढले. वॉशिंग्टनच्या मुलांनी हातावर काळी फुली मारून घेतली. फुली असेल त्याला दारू द्यायची नाही, पण गाणं ऐकू द्यायचं. बर्कलीत १९८६ च्या शेवटच्या रात्री '९२४ गिलमन' उघडलं. दारू नाही, सगळ्या वयांना प्रवेश, कारभार स्वयंसेवकांचा. ग्रीन डे हा बँड तिथूनच वर आला.

आपल्याकडे असं कायमचं घर माझ्या पाहण्यात नाही. म्हणून शोधायची रीत उलटी करावी लागते: जागा शोधू नये, बँड शोधावा. मुंबईचे ट्रिपवायर, द रायट पेडलर्स, द लाइटइयर्स एक्सप्लोड ही नावं धरून त्यांच्यासोबत कोण वाजवतं ते पाहावं. एका रात्री तीन-चार बँड वाजवतात, त्यातून पुढची नावं मिळतात. दुसरी खूण सरावाच्या खोल्यांची. तासावर भाड्यानं मिळणाऱ्या या खोल्यांत आणि वाद्यांच्या दुकानांत पुढच्या कार्यक्रमाची बातमी जाहिरातीआधी पोचते. आणि २१ च्या आतल्यांसाठी सर्वांत भरवशाची जागा म्हणजे कॉलेजचे महोत्सव. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोसारख्या ठिकाणी बँडच्या स्पर्धा होतात, तिथं दारूचा प्रश्नच नसतो. तिकीट काढण्याआधी मात्र फोन करून वय विचारावं.

भाचा डिसेंबरात एका सरावाच्या खोलीतल्या कार्यक्रमाला गेला. माणसं चाळीसही नव्हती. दहाला पाच कमी असताना आवाज बंद झाला. वायरी गुंडाळायला ड्रमवाला एकटाच होता, तेव्हा हा मदतीला लागला. त्यानं याला विचारलं, गाव कोणतं. परभणी म्हटल्यावर तो म्हणाला, "तिकडं एखादा हॉल असेल का रे, दिवसाचा, स्वस्तातला?"

मी सध्या चौकशी करतो आहे.