मोरीतून मैला जात नसे

जुन्या आदिलाबादेत उघडी गटारे पाहिली की वाटते, पूर्वी सगळी घाण यांतूनच वाहत असेल. तसे नव्हते. मोरीतून आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी बाहेर पडे. ते परसातल्या अळू-केळीला किंवा गटाराला मिळे. मैल्याची वाट निराळी होती.

तेव्हा सगळेच टमरेल घेऊन रानात जात, हेही अर्धेच खरे. खेड्यांत बहुधा तसेच होते. पण दाट वस्तीच्या गावांत, ऐपतदारांच्या वाड्यांत टोपलीचे संडास असत. वर बसायची जागा, खाली टोपली किंवा डबा आणि मागच्या बोळात उघडणारी झडप. मैला काढणारी व्यक्ती, पुष्कळदा बाईच, त्या झडपेशीच येई; घरात तिला प्रवेश नसे. पत्र्याने मैला ओढायचा, वर राख टाकायची, टोपली डोक्यावर घेऊन गावाबाहेर न्यायची. पावसाळ्यात ती अंगावर गळे. मुंबईत इमारतींमागच्या घरगल्ल्या याच कामासाठी ठेवलेल्या होत्या. ‘जुनी व्यवस्था छान चालायची’ असे म्हणणाऱ्यांनी ती कोणाच्या डोक्यावरून चालायची ते आधी पाहावे. हे काम जातीने लादलेले होते.

गावाबाहेर नेलेल्या मैल्याचे सोनखत होई, पण केरकचऱ्याच्या थरांत नीट कुजवल्यावरच. ताजा मैला शेतात टाकणे घातक, कारण जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने जगतात. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाची अशी रचना शोधली की मैला माती-पालापाचोळ्यासोबत कुजून त्याचे खत व्हावे आणि ताजा मैला कोणालाही उचलावा लागू नये.

‘१९९३च्या कायद्याने डोक्यावरून मैला वाहणे संपले’ हा समजही पक्का आहे. तो कायदा लागू झाला २६ जानेवारी १९९७ला, आणि तोही आधी मोजक्याच राज्यांत. त्यांत आंध्र प्रदेश (आदिलाबाद तेव्हा त्यातच होते) आणि महाराष्ट्र दोन्ही होते, म्हणून त्यांच्या सीमेवरच्या पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर तो एकाच दिवशी आला. त्याचा रोख कोरड्या संडासांवर होता. गटारे आणि सेप्टिक टाक्यांत उतरणारी माणसे २०१३च्या कायद्यात आली.

सेप्टिक टाकी मैला पूर्ण जिरवते, हाही भ्रमच. तळाशी गाळ साचतो आणि दर दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो. आतला विषारी वायू क्षणात माणूस पाडतो. संरक्षक साधनांशिवाय कोणाला आत उतरवणे गुन्हा आहे. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.