‘उसण’ आणि ‘सरकलेली गादी’ : पाठदुखीची भाषा व तिचे परिणाम

पाठीच्या दुखण्याविषयी भाषेच्या अभ्यासकाने लेखणी उचलावी, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु दुखणे शरीराला होत असले, तरी ते वैद्यापर्यंत पोहोचते ते शब्दांतून. आणि वैद्याने दिलेला शब्द घेऊनच रोगी घरी परततो. तो शब्द पुढे रोग्याच्या उठण्याबसण्यावर कसा अधिकार गाजवितो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम आपल्या घरगुती मराठीकडे पाहू. पाठीत ‘उसण भरते’, ‘चमक येते’, पाठ ‘धरते’. या प्रयोगांत एक समान गोष्ट आढळते. भरलेली उसण ‘उतरते’, धरलेली पाठ ‘सुटते’. म्हणजे दुखण्याच्या क्रियापदाला निवृत्तीचे क्रियापद भाषेनेच जोडून दिलेले आहे, आणि त्या दुसऱ्या क्रियापदाला कर्त्याची गरज नाही. आता अलीकडचे प्रयोग पाहा : ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आला’, ‘मणका झिजला’. झिजलेला मणका कोणत्या क्रियापदाने पूर्ववत व्हावा? सरकलेली गादी आपण होऊन परत येते असे आपण म्हणत नाही. ती कोणीतरी ‘बसवावी’ लागते. येथे सकर्मक क्रियापद आले, आणि त्याबरोबर कर्ताही आला. ‘बसवून घेणे’ या प्रयोगात रोगी स्वतः काही करीत नाही. करणारा दुसराच असतो.

या ‘बसविण्या’च्या कल्पनेवर एक संपूर्ण उपचारपद्धती उभी राहिली. ती म्हणजे कायरोप्रॅक्टिक. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली हार्वी लिलर्ड नावाच्या, ऐकू न येणाऱ्या एका सफाई कामगाराच्या पाठीचा मणका हाताने दाबला, आणि त्यामुळे त्याला ऐकू येऊ लागले, असे पामर यांनी प्रतिपादन केले. ‘हाताने केलेले’ अशा अर्थाचे हे नाव ग्रीक शब्दांवरून सॅम्युएल वीड या धर्मोपदेशकाने सुचविले. मणके किंचित स्थानभ्रष्ट झाल्याने मज्जातंतूंचा प्रवाह अडतो, आणि बहुतेक रोग त्यातूनच उद्भवतात, असा पामर यांचा सिद्धान्त होता. या स्थितीला त्यांनी ‘सब्लक्सेशन’ म्हटले. वास्तविक श्रवणाचा मज्जातंतू पाठीच्या कण्यातून जातच नाही. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेही २०१० साली स्पष्ट केले की, ही एक ऐतिहासिक कल्पना असून ती रोगाचे कारण असल्याचा पुरावा संशोधनात मिळत नाही.

मग हाताने केलेला हा उपचार निरर्थक समजावा काय? तसे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीविषयी डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात रोग्याचे शिक्षण, व्यायाम, मानसोपचार यांच्या जोडीने मणक्यांवरील हस्तोपचार व मर्दन यांनाही स्थान दिले आहे. उलट कमरपट्टा आणि वजने लावून ताण देणे यांची शिफारस केलेली नाही. ब्रिटनमधील २०१६ च्या मार्गदर्शनाने हस्तोपचार केवळ व्यायामासह करावेत असे म्हटले आहे. तात्पर्य, हस्तोपचाराने काही रोग्यांना उतार पडतो. मात्र तो एखादे हाड जागेवर बसल्यामुळे पडतो, हे स्पष्टीकरण टिकत नाही. त्या वेळी होणारा ‘कट्’ असा आवाजदेखील हाड बसल्याचा नव्हे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली बोटांच्या सांध्यांची चुंबकीय चित्रे घेऊन दाखविले की, सांधा ताणला जाताना त्यातील द्रवात पोकळी निर्माण होते, त्या क्षणीचा तो आवाज असतो.

आपल्याकडेही उसण भरल्यास पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत होती. तिच्यामागे कोणतेही शास्त्र नव्हते. पण ज्याची पाठ अशी ‘उतरविली’ तो मनुष्य निर्धास्तपणे उठून कामाला लागत असे, आणि पुष्कळदा तेच त्याच्या हिताचे ठरत असे.

आता शरीररचना पाहू. कण्यात एकंदर ३३ मणके. त्यांपैकी मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ हे सुटे, बाकीचे एकमेकांस जुळलेले. सुट्या मणक्यांच्या मध्ये ज्या गाद्या असतात, त्या खाटेवरील गादीसारख्या नुसत्या ठेवलेल्या नसतात. चिवट तंतूंनी त्या वरच्या व खालच्या मणक्यांशी घट्ट बांधलेल्या असतात. गादीची कड फुगते, क्वचित फाटून आतील मऊ भाग बाहेर येतो व मज्जातंतूवर दाब पडतो. परंतु गादी ‘सरकत’ नाही. बाहेर आलेला भागही अनेकदा शरीर कालांतराने शोषून घेते. शिवाय, काहीही दुखत नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या कण्याच्या चित्रांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गादी फुगल्याचे प्रमाण विशीतील माणसांत ३० टक्के, चाळिशीत ५० टक्के आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्के आढळले. केस पिकण्यासारख्याच या खुणा होत.

हे सारे प्रस्तुत लेखकाला ठाऊक नव्हते, त्या वेळची गोष्ट सांगणे अस्थानी होणार नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एके सायंकाळी पाठ धरली. आई म्हणाली, ‘उसण भरली आहे, उतरेल दोन दिवसांत.’ परंतु आम्ही सुशिक्षित! चित्र काढविले, अहवाल वाचून एका परिचिताने ‘गादी सरकली’ असा निर्वाळा दिला. पाच आठवडे अंथरुणात काढले. त्यानंतर ग्रंथालयाचा जिना चढताना पाय कापत, आणि पुस्तकांची पिशवी उचलण्याचे धैर्य तर वर्षभर झाले नाही. दुखणे केव्हाच ओसरले होते, भय मात्र टिकून होते. त्या भयाला आधार होता तो एका क्रियापदाचा.

१९८६ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात कंबरदुखीच्या रोग्यांना दोन दिवस व सात दिवस अशी विश्रांती सांगून तुलना केली गेली. अधिक विश्रांतीने अधिक लाभ झाला नाही. कामावरील अनुपस्थिती तेवढी वाढली. २०२४ साली ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून बऱ्या झालेल्यांपैकी ज्यांना क्रमाक्रमाने चालण्याचा परिपाठ व मार्गदर्शन दिले, त्यांचे दुखणे उलटण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले. ज्यांना दिले नाही, त्यांचे ११२ दिवसांत उलटले.

अध्यापक व विद्यार्थी यांच्या दिनक्रमाला यातून काय घेता येईल? बसण्याची एकच आदर्श पद्धत शोधीत राहण्यापेक्षा बैठक वारंवार बदलावी. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. पाठांतर वा चर्चा उभ्याने करावी. ओझे उचलताना ते अंगाशी घ्यावे व पाठ फिरविण्याऐवजी पाय फिरवावेत. रोज चालण्याची सवय थोड्यापासून वाढवीत न्यावी. पाठ धरल्यास शेक घ्यावा आणि सोसेल तितकी हालचाल चालू ठेवावी.

मात्र प्रत्येक पाठदुखी उसण नव्हे. लघवी वा शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, ही लक्षणे दिसताच विलंब न लावता रुग्णालय गाठावे. ताप, वजनातील घट, रात्रीही न थांबणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्याचा आघात यांपैकी काही असल्यास तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. मणक्याचा क्षय आपल्या देशात आजही आढळतो. अशा स्थितीत, किंवा हाडे ठिसूळ झाली असता, पाठीला झटका देऊन घेणे धोक्याचे आहे. मानेला दिलेल्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याची उदाहरणे विरळ असली, तरी नोंदलेली आहेत.

वैद्यकातील पारिभाषिक शब्द मराठीत आणताना आपण त्यांची शुद्धता, सुबोधता व व्युत्पत्ती पाहतो. तो शब्द ऐकून रोगी उठेल की निजेल, हाही प्रश्न परिभाषा सिद्ध करणाऱ्याने स्वतःला विचारला पाहिजे. ‘गादी सरकली’ याऐवजी ‘गादीची कड फुगली आहे, ती ओसरू शकते’ असे म्हणण्यास अवघे पाच शब्द अधिक लागतात. प्रस्तुत लेखकाचे पाच आठवडे त्यांनी वाचले असते.