रोजनिशी का लिहावी?

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात कागद-वह्यांच्या कोणत्याही दुकानात डोकावले, तर निळ्या-तांबड्या पुठ्ठ्याच्या रोजनिशा रचून ठेवलेल्या दिसतात. त्यांतील बहुतेकींचे पुढे काय होते, हे आपण सारेच जाणतो. जानेवारीच्या मध्यापर्यंत पाने भरतात. नंतर काही दिवस नुसतीच हवा आणि जेवणाखाण्याची नोंद होते. आणि मार्चच्या पानांवर दुधाचा रतीब व इस्त्रीच्या कपड्यांची मोजदाद दिसू लागते. माझ्याही कपाटात अशा चार-पाच वह्या आहेत. तेव्हा आज मी जे सांगणार आहे, ते एखाद्या नेमनिष्ठ साधकाने सांगितलेले नव्हे, हे श्रोत्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

'रोजनिशी' हा शब्द मूळचा फारसी. चिटणीस, फडणीस या नावांतील 'नीस' म्हणजे लिहिणारा. त्याच कुळातला हा शब्द. मराठी राज्याच्या दप्तरांत रोजनिशा रीतसर ठेवल्या जात. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले, आणि इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांचे मोल ठाऊक आहे. परंतु त्या सरकारच्या रोजनिशा. कोणाला इनाम दिले, कोणत्या परगण्याचा वसूल माफ केला, कोणाचा तंटा कसा तोडला, हे त्यांत सापडते. हुकूम देणाऱ्याला त्या रात्री झोप लागली की नाही, ते सापडत नाही. खाजगी रोजनिशीची परंपरा आपल्याकडे क्षीणच म्हणावी लागेल. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी सत्तावन्नच्या धामधुमीत जे पाहिले, ते 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापून निघाले. ते पुस्तक अमोल आहे यात शंका नाही. तथापि ती उत्तरायुष्यात लिहिलेली आठवण आहे, त्या त्या दिवशी केलेली नोंद नव्हे. हा भेद वाटतो त्याहून मोठा आहे, आणि माझे आजचे बोलणे बव्हंशी त्या भेदाविषयीच आहे.

हिंदुस्थानात खाजगी रोजनिशी निष्ठेने लिहिणारा एक थोर पुरुष पाँडिचेरीत होऊन गेला. आनंद रंग पिळ्ळै हा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याचा दुभाषी. १७३६ साली त्याने तमिळमध्ये लिहावयास आरंभ केला आणि १७६१ च्या जानेवारीत मृत्यूने गाठेपर्यंत तो लिहीत राहिला. त्याच महिन्यात इकडे पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली आणि तिकडे पानिपत घडले. जहाजे कधी आली, कापडाचा सौदा कसा ठरला, गव्हर्नर कोणावर रुसला, हे सारे त्याने टिपले आहे. त्याच्या रोजनिशीचे इंग्रजी भाषांतर १९०४ ते १९२८ या काळात बारा खंडांत निघाले. बारा खंड! इतके लिहिणाऱ्या माणसाला दुभाषाचे काम करण्यास वेळ कधी मिळत असेल, असा प्रश्न मनात येतो.

मात्र ज्याच्यापाशी मी वारंवार परत जातो, तो आहे सॅम्युअल पीप्स. तोही आमच्यासारखाच सरकारी नोकर, इंग्लंडच्या नौदल मंडळाचा कारकुनी अधिकारी. १ जानेवारी १६६० रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने रोजनिशी सुरू केली. ती लघुलिपीत होती. मृत्यूनंतर त्याचा ग्रंथसंग्रह केंब्रिजच्या एका महाविद्यालयात गेला. तेथे त्या सहा वह्या जवळजवळ शंभर वर्षे न वाचलेल्या अशा पडून होत्या. पुढे एका चिकाट्या विद्यार्थ्याने ती लिपी उलगडली आणि १८२५ साली त्यांतील काही भाग प्रथम छापला गेला.

हा मनुष्य स्वतःला फसवीत नाही. १६६३ च्या एप्रिलमधली एक नोंद पाहा. ज्याचे काम त्याच्या हाती होते, अशा एका जहाजाच्या कप्तानाने त्याला एक लखोटा दिला. आत पैसे आहेत हे पीप्सने ताडले होते. घरी जाऊन त्याने लखोटा न पाहताच नाणी बाहेर पाडली आणि रिकामा झाल्यावर मगच आत डोकावून पाहिले. का, तर पुढे कोणी विचारलेच तर कागदात पैसे दिसले नाहीत असे शपथेवर सांगता यावे! ही युक्ती तो जगापासून लपवतो, पण वहीत लिहून ठेवतो. लाच घेणारे सर्व काळी होते. लाच घेताना आपण मनाची समजूत कशी घातली, हे त्याच रात्री लिहिणारा विरळा.

दुसरी नोंद लंडनच्या आगीची. २ सप्टेंबर १६६६ रोजी पहाटे तीनच्या सुमारास दासीने त्याला उठवून आग दाखवली. त्याने खिडकीतून पाहिले, आग दूर आहे असे ठरवले आणि तो पुन्हा झोपी गेला. पुढे दिवस उजाडल्यावर त्याने धावपळ केली, राजाला जाऊन भेटला, घरे पाडल्यावाचून आग थांबणार नाही हे सांगितले. वीस वर्षांनी आठवणी लिहावयास बसता, तर राजाची भेट त्याने नक्की लिहिली असती. पुन्हा अंथरुणावर पडलो होतो, हे लिहिले असते काय?

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. माझे वडील गेले तेव्हा मी दूरच्या प्रांती नोकरीवर होतो. निरोप आला त्याच रात्रीच्या गाडीने मी निघालो, तरी शेवटचे बोलणे झाले नाही, असे मी नऊ वर्षे सर्वांना सांगत आलो. सांगताना त्यात खोटे काही आहे, अशी शंकाही मला येत नसे. ती गाडी, तो डबा, खिडकीजवळची ती जागा, सारे डोळ्यांसमोर होते. मागल्या वर्षी बदलीच्या सामानात त्या सालची वही निघाली. मंगळवारच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिले होते : 'दादाचा निरोप. बाबांना बरे नाही, ये म्हणतो. टिप्पणी उद्या द्यावयाची आहे. परवा निघेन.' बुधवारी टिप्पणीविषयी अर्धे पान होते. ती कशाची टिप्पणी होती, हे आज मला आठवतही नाही. गुरुवारी रात्री मी गाडीत बसलो.

मी ते पान दादाला दाखवले. त्याने ते वाचले, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाला, "मला ठाऊक होते रे. तू निराळे सांगत होतास, म्हणून मी कधी बोललो नाही."

रोजनिशीमुळे स्मरणशक्ती वाढते, असे म्हणतात. माझा अनुभव असा की ती स्मरणशक्तीला खोटे पाडते, आणि हाच तिचा पहिला लाभ. आपली आठवण ही काही दप्तरखाना नव्हे. ती प्रत्येक वेळी जुना कागद नव्याने लिहिते, आणि बहुधा लिहिणाऱ्याच्या बाजूने लिहिते. हल्ली प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्रात हजारो छायाचित्रे असतात. परंतु छायाचित्रात चेहरा राहतो. त्या घटकेला आपण काय टाळीत होतो, ते राहत नाही.

दुसरा लाभ मनाच्या स्वास्थ्याचा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील दुःखद प्रसंगाविषयी लिहावयास सांगितले; इतरांना किरकोळ विषय दिले. दुःखाविषयी लिहिणारे त्या दिवसांत अधिक खिन्न झाले. परंतु पुढील काही महिन्यांत, ज्यांनी प्रसंग आणि त्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या होत्या, त्यांना दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. पुढे असे पुष्कळ प्रयोग झाले. परिणाम दिसतो, पण बेताचाच. म्हणून रोजनिशीला कोणी औषध समजू नये. ज्यांचे दुःख ताजे व असह्य आहे, त्यांनी वहीपेक्षा माणसाकडे जावे हे उत्तम.

लिहावे काय आणि किती, याविषयी फार नियम करू नयेत. नावे, भाव, वेळा, ऐकलेली वाक्ये लिहावीत. 'आज मन उदास होते' या वाक्याचा दहा वर्षांनी काही उपयोग होत नाही, पण त्या दिवशी कोण काय बोलले हे लिहिलेले असले, तर उदासी आपोआप समजते. दिवस चुकले तर चुकू द्यावेत. मागील आठवडा भरून काढण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण ती पुन्हा आठवणच झाली. कचेरीतील गोपनीय गोष्टी वहीत आणू नयेत, हे माझ्या व्यवसायबंधूंना सांगावयास नको. आणि कोणीतरी पुढे वाचील अशा बेताने लिहू नये. तसे लिहू लागताच वाक्ये सुंदर होतात आणि नोंद खोटी होते.

पीप्सने ३१ मे १६६९ रोजी लिहिणे थांबवले. दृष्टी जाईल अशी त्याला धास्ती वाटत होती. दृष्टी गेली नाही. तो आणखी चौतीस वर्षे जगला, नौदलाचा सचिव झाला, तुरुंगातही गेला. परंतु तशी रोजनिशी त्याने पुन्हा धरली नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याची पत्नी एलिझाबेथ ज्वराने वारली. नऊ वर्षे जिच्याशी झालेले प्रत्येक भांडण आणि प्रत्येक समेट त्याने टिपला होता, तिच्या शेवटच्या रात्रीविषयी त्या वह्यांत एक अक्षर नाही.