रेघ एकच, रस्ते पाच

मार्च २०११. कॅनडातल्या पेंटिक्टनहून लास वेगासला निघालेलं एक जोडपं जीपीएसवर जवळचा रस्ता बघून नेवाडाच्या डोंगरात शिरलं. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर गाडी चिखलात रुतली. मदत आणायला चालत गेलेला नवरा परतलाच नाही. गाडीपाशी थांबलेली बायको सात आठवड्यांनी शिकाऱ्यांना जिवंत सापडली.

जीपीएस खोटं बोललं नव्हतं. रस्ता होता. तो कोणत्या गाडीचा आणि कोणत्या महिन्यातला, एवढंच नुसत्या रेघेवरून कळत नाही.

अमेरिकेच्या वनखात्याकडे असे सुमारे ३ लाख ७० हजार मैल रस्ते आहेत, पुष्कळसे लाकूड वाहायला काढलेले. देखभालीनुसार त्यांच्या पाच पातळ्या. पहिलीतला रस्ता वाहनांना बंद. दुसरीत पोट उंच असलेलीच गाडी घालावी, आणि निम्म्याहून अधिक रस्ते याच पातळीचे. तिसरीपासून साधी मोटार चालते. चौथी-पाचवीत जरा आराम. हे सगळं फाइलीत. वाटसरूसाठी खूण असते ती फाट्यावरच्या पाटीत: रस्त्याचा क्रमांक आडवा लिहिला असेल तर साधी गाडी चालेल, आकडे एकाखाली एक उभे असतील तर जीपवाल्यांनीच जावं. इतकी साधी युक्ती, पण ठाऊक नसेल तर पाटी वाचूनही उपयोग नाही.

२००५च्या नियमानंतर खात्याने वाहनांसाठी वेगळे नकाशे काढले, तेही फुकट. मात्र ते परवानगीचे नकाशे. कोणतं वाहन कोणत्या तारखांना न्यायला मुभा आहे ते कळतं. पुढच्या वळणावर रस्ता वाहून गेलाय का, ते नाही.

ती उणीव स्वयंसेवकांनी २००४पासून उभा केलेला ओपनस्ट्रीटमॅप थोडीफार भरून काढतो. तिथे कच्च्या रस्त्याची जमीन किती टणक, याच्या पाच प्रती आहेत. शिवाय सपाटीच्या आठ पायऱ्या, आणि त्या ठरतात चाकावरून: वर स्केटिंगची बारीक चाकं, खाली ट्रॅक्टर, शेवटी सगळ्यांनाच अशक्य. ‘वाईट’ या पायरीवर साध्या मोटारीशेजारी चक्क रिक्षा आहे. आपल्या रिक्षावाल्यांना हा अपमान वाटेल! पण चाकाचं माप धरलं हे शहाणपणाचंच. जीपवाल्याचा ‘ठीक’ आणि छोट्या मोटारवाल्याचा ‘ठीक’ यांत एका ऑइल चेंबरचं अंतर असतं.

तरी अडचण उरतेच. दहा किलोमीटर झकास असतात आणि मग आडवा चर येतो. वापरातून काढलेल्या रस्त्यावर पाण्याला वाट म्हणून असे चर मुद्दाम खणतात. गर्द झाडीखालचा चर उपग्रहाला दिसत नाही. म्हणून नोंदणाऱ्याने स्वतः जायचं, रस्त्याचे तुकडे पाडायचे, आणि सरासरी न काढता त्या वाईट शंभर मीटरची प्रत वेगळी लिहायची. सोबत पाहणीची तारीखही, कारण एका पावसात सगळं बदलतं. जिथे अशी नोंदच नाही, तिथे वाट दाखवणारं सॉफ्टवेअर नेमून दिलेला सरसकट वेग धरतं आणि पोचायची वेळ मिनिटांत सांगून मोकळं होतं.