वजनाला आधार, पाण्याला वाट : गॅलरीतील काचेच्या दाराची घरगुती दुरुस्ती

शहरातील मराठी घरांत दिवाणखाना आणि गॅलरी यांच्यामध्ये उभे असणारे काचेचे दार सहसा घरातील सर्वांत दुर्लक्षित दार असते. मुख्य दाराला तोरण असते, उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिले जाते, त्याच्या कडीकोयंड्याची आणि कुलपाची वेळच्या वेळी काळजी घेतली जाते. गॅलरीच्या दाराकडे मात्र ते अडेपर्यंत कोणी पाहत नाही. वास्तविक मुख्य दारापेक्षा या दारालाच अधिक सोसावे लागते, कारण दुपारचे ऊन, आडवा पाऊस, रस्त्यावरची धूळ आणि समुद्राजवळच्या घरांत खारा वारा, हे सारे थेट त्याच्यावर येते. ते जड सरकते, त्यातून पाणी आत येते, त्याचे कुलूप लागत नाही, ते वाऱ्यात खडखडते, अशा त्याच्या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या, तरी त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी दोनच कारणे सापडतात. काचेचे वजन ज्या मार्गाने जमिनीपर्यंत उतरायला हवे, तो मार्ग कुठेतरी बिघडलेला असतो, किंवा पावसाचे पाणी ज्या मार्गाने बाहेर पडायला हवे, तो बुजलेला असतो. ही दोन कारणे ओळखता आली, तर पाऊस संपल्यावर दिवाळीच्या साफसफाईत या दारांची बरीचशी दुरुस्ती घरच्या घरी होऊ शकते.

काचेचे वजन कोठून आले

जुन्या काळी दारा-खिडक्यांत काच असली, तरी ती लहान तुकड्यांतच असे. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत तर काचेऐवजी प्रकाश पाझरू देणारे चपटे शिंपले लाकडी पट्ट्यांच्या जाळीत बसवत असत. शिंपला तळहाताएवढाच असल्यामुळे खिडकीचे वजन लाकूडच पेलत असे. पुढे तावदाने आली, तेव्हाही लाकडी चौकट मुख्य आणि काच दुय्यम हेच नाते टिकून राहिले. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाला आणि १८५१ मध्ये जोसेफ पॅक्स्टन यांच्या आराखड्यावरून लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेस हे प्रचंड काचगृह उभे राहिले, पण त्यातील काचाही सुमारे ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद एवढ्याच होत्या.

हे नाते पालटण्यास दोन शोध कारणीभूत झाले. १८८६ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स हॉल आणि फ्रान्समधील पॉल एरू यांनी, एकमेकांच्या कामाची माहिती नसताना, विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम मिळवण्याची पद्धत शोधली आणि त्यातून हा धातू स्वस्त होत गेला. १९५९ मध्ये ब्रिटनमधील पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर तरंगत ठेवून काच तयार करण्याची पद्धत जाहीर केली. या पद्धतीने मिळणाऱ्या काचेला ‘फ्लोट’ काच म्हणतात आणि ती मोठ्या आकारातही एकसारखी सपाट असते. परिणामी चौकट सडपातळ झाली आणि काच दारभर पसरली. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन सुमारे अडीच किलो भरते. त्या हिशेबाने पाच मिलिमीटर जाड, एक मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच काच सुमारे २६ किलोंची होते. हे सारे वजन, त्यात काचेभोवतीच्या चौकटीचे मिळवून, सरकत्या दारात तळाच्या दोन छोट्या चाकांवर येते.

जड सरकणारे दार

सरकत्या दाराची रचना समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. भिंतीत पक्की बसवलेली ती बाहेरची चौकट, आणि काच धरून सरकते ती झडप, जिला कारागीर ‘शटर’ म्हणतात. चौकटीच्या तळाशी असलेल्या खोबणीत, म्हणजे ‘ट्रॅक’मध्ये, एक उभी कड असते आणि तिच्यावरून झडपेखालचे रोलर धावतात. वरची खोबण झडपेला केवळ उभे धरते, तिचा भार घेत नाही. म्हणून तिथे मुद्दाम थोडी मोकळी जागा ठेवलेली असते आणि त्या जागेमुळेच झडप उचलून बाहेर काढता येते.

पावसाळ्यानंतर ही खालची खोबण जवळून पाहिली, तर दार का अडते ते सहज कळते. कबुतरांच्या पिसांचे तंतू, शेजारच्या बांधकामाची बारीक वाळू, कुंडीतली माती आणि गेल्या दिवाळीतील रांगोळीचे कण पाण्याने एकत्र येऊन कोपऱ्यात त्यांचा घट्ट थर बसलेला असतो, आणि रोलरच्या आसाभोवती केसांची गुंतवळ इतकी आवळलेली असते की चाक फिरेनासे होऊन नुसते फरफटत जाते. अशा फरफटीने नायलॉनच्या चाकाला एका बाजूला सपाट चट्टा पडतो आणि मग खोबण कितीही स्वच्छ केली, तरी दर फेऱ्याला दार ठेचकाळते.

साफसफाईत क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोरडा कचरा जुन्या टूथब्रशने सुटा करून व्हॅक्यूम क्लीनरने किंवा बारीक कुंच्याने काढावा आणि त्यानंतरच ओले फडके फिरवावे, कारण सिमेंटची धूळ आधीच भिजवली तर तिचा लगदा होऊन रोलरमध्ये शिरतो. खोबरेल किंवा मशिनचे तेल खोबणीत घालण्याची सवय घराघरांत आहे. पण तेलाला धूळ चिकटते आणि महिन्याभरात दार पूर्वीपेक्षा जड होते. त्याऐवजी वाळल्यावर कोरडा थर ठेवणारा सिलिकॉनचा फवारा थोडासा वापरावा.

एवढ्यानेही दार हलके झाले नाही, तर रोलरची उंची तपासावी. अनेक दारांत झडपेच्या उभ्या कडेला तळाजवळ एक छिद्र असते आणि त्यातील स्क्रू फिरवला की रोलर खाली-वर होतो. झडपेखाली लाकडी पाचर सारून आधी स्क्रूवरचा भार कमी करावा, मग दर वेळी पाव फेरा एवढेच फिरवावे आणि झडपेची उभी कड चौकटीच्या उभ्या कडेशी समांतर होईपर्यंत दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हे करावे. जवळ पाणसळ असेल, म्हणजे ज्यातील हवेचा बुडबुडा सपाटी दाखवतो ते साधन असेल, तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. चाकच झिजले असेल, तर झडप बाहेर काढावी लागते. त्यासाठी दोन धडधाकट माणसे लागतात. झडप उचलली जाऊ नये म्हणून वरच्या खोबणीत बसवलेला अडथळा आधी काढावा, मग झडप वर उचलून तिचा तळ घराच्या आतल्या बाजूला घ्यावा आणि ती जाड गोधडीवर टेकवून ठेवावी. नवा रोलर आणताना जुना सोबत नेणे हाच खात्रीचा मार्ग, कारण चाकाचा व्यास, खाचेचा आकार आणि पेटीची रुंदी या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

पाणी आत येते तेव्हा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो दिवस अपवादाचा होता. पण कोकणपट्टीतील घरांना वाऱ्यासोबत येणारा आडवा पाऊस दर वर्षी सोसावा लागतो आणि तो सरकत्या दाराच्या खोबणीत शिरतोच. दार तयार करणाऱ्यांनी ते गृहीत धरलेले असते. म्हणून खोबणीच्या तळाला किंवा बाहेरच्या कडेला निचऱ्याची छोटी छिद्रे ठेवलेली असतात आणि खोबणीची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच असते. छिद्रे बुजली की खोबणीचे पन्हळ होते आणि ते भरले की पाणी दिवाणखान्यात उतरते. कित्येक घरांत ‘इथूनच पाणी येते’ अशा समजुतीने ही छिद्रे सिलिकॉन भरून बंद केली जातात, आणि मग पाण्याला घरात येण्यावाचून दुसरी वाट उरत नाही.

तपासणी सोपी आहे. खोबणीत पेलाभर पाणी हळूहळू ओतावे. ते थोड्याच वेळात बाहेरच्या बाजूने ठिबकू लागले, तर मार्ग मोकळा आहे. ते साचून राहिले, तर बारीक तारेने छिद्रे मोकळी करावीत. छिद्रे मोकळी असूनही पाणी आतल्या बाजूलाच वळत असेल, तर चौकटच आत झुकलेली असते आणि तिथे कारागीरच हवा.

चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातून येणारे पाणी निराळे. तिथे जुन्या सिलिकॉनवर नवा थर चढवणे व्यर्थ जाते, कारण जुना थर भिंतीपासून सुटलेला असतो आणि नवा थर त्याच्याबरोबरच सुटतो. जुने सिलिकॉन धारदार पात्याने पूर्ण काढावे, सांधा कोरडा होऊ द्यावा, दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून मधल्या रेषेत नवे सिलिकॉन भरावे आणि ते ओले असतानाच टेप काढावी. सिलिकॉनचे दोन मुख्य प्रकार आहेत. वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणाऱ्या प्रकारातून आम्ल सुटते आणि ते धातूला व संगमरवराला बाधते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीसाठी आणि दगडी उंबऱ्यासाठी ‘न्यूट्रल’ प्रकार मागून घ्यावा. हे काम पावसाळ्यात न करता भिंती वाळल्यावर करणेच हिताचे.

खाली झुकलेले दार

बिजागरीवर उघडणाऱ्या काचेच्या दारात वजनाचा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. ब्रिटनमध्ये घराला लागून बांधल्या जाणाऱ्या काचेच्या खोल्यांना अशी यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची, दुहेरी दारे सर्रास असतात आणि आपल्याकडील नव्या इमारतींतही ती आता दिसतात. काळाच्या ओघात कुलपाकडची कड खाली येते, दार उंबऱ्याला घासते आणि कडी आपल्या खाचेत बसेनाशी होते. अशा वेळी एक खूण ध्यानात ठेवावी : दार उघडे असताना मूठ आणि किल्ली सहज फिरत असतील आणि बंद केल्यावरच अडत असतील, तर कुलूप निर्दोष आहे आणि दारच जागेवरून हलले आहे. ही खूण न पाहता कुलूप बदलणाऱ्यांचा खर्च वाया जातो. दोन्ही वेळा अडत असेल, तरच दोष कुलपात असतो.

बिजागरीत उंची कमी-जास्त करणारे स्क्रू असतील, तर ते आधी फिरवून पाहावेत. त्यानेही भागले नाही, तर चौकटीत काच कशी टेकवली आहे ते पाहावे लागते. दार झुकते, म्हणजे त्याच्या चौकटीचे काटकोन बिघडून आयताचा समांतरभुज चौकोन होऊ लागतो. काच मात्र आपला काटकोन सोडत नाही. म्हणून कुशल कारागीर काचेलाच तिरक्या टेकूसारखे वापरतात. बिजागरीकडच्या तळाच्या कोपऱ्यात काचेखाली एक प्लॅस्टिकची चकती आणि तिरक्या समोरच्या, म्हणजे कुलपाकडच्या वरच्या कोपऱ्यात दुसरी चकती बसवली की झुकणारी कड काचेला टेकते आणि काचेचे वजन बिजागरीकडे उतरते. त्यासाठी काच धरणाऱ्या बीडिंगच्या पट्ट्या पुट्टीच्या पातळ पात्याने, लांब पट्टीच्या मध्यापासून सुरुवात करून, अलगद सोडवाव्यात, प्रत्येकीवर जागेची खूण करावी, आणि या वेळात दुसऱ्या माणसाने काच धरून ठेवावी. चकत्या बसवल्यावर दाराचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान भरले, तर काटकोन परत आला असे समजावे. पट्ट्या परत लावताना आखूड पट्ट्या आधी आणि लांब नंतर, हा क्रम ठेवावा.

ऊन, खारा वारा आणि हाताची मर्यादा

सकाळी हलके असणारे दार दुपारी अडत असेल, तर घाईने काहीही कापू किंवा घासू नये. तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढले, तर २.१ मीटर उंचीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सुमारे दीड मिलिमीटर वाढते, यूपीव्हीसीची चार मिलिमीटरांहून अधिक, आणि काच जेमतेम अर्धा मिलिमीटर. पावसाळ्यात फुगलेल्या सागवानी दाराला तेव्हाच रंधा मारला, तर हिवाळ्यात त्याच जागी फट पडते, हे जुने सुतार जाणत. काचेच्या दारालाही तेच लागू आहे. त्याची बसण्याची जागा सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा पाहूनच ठरवावी.

समुद्रकाठच्या घरांत साध्या लोखंडी स्क्रूंचा मोह टाळावा, कारण खाऱ्या ओलाव्यात लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू अधिक टिकतात. वाऱ्यात दार खडखडत असेल, तर कडेचे आक्रसलेले रबर किंवा झिजलेली केसाळ पट्टी बदलणे पुरेसे ठरते.

काही कामे मात्र घरी करू नयेत. कडक केलेली काच, जिला ‘टफन्ड’ म्हणतात, सुमारे ६०० अंशांहून अधिक तापवून झपाट्याने थंड केलेली असते. ती नंतर कापता येत नाही किंवा तिला भोक पाडता येत नाही, आणि तिच्या कडेचा उडालेला एक टवकासुद्धा अख्ख्या काचेचा चुरा करू शकतो. तडा गेलेली काच बदलणे, वरच्या मजल्यावर बाहेरच्या बाजूने सांधे भरणे आणि झुकलेली चौकट पुन्हा बसवणे ही कामे अनुभवी कारागिराकडेच सोपवावीत. उरलेल्या कामांना फार अवजारे लागत नाहीत. लागते ती वर्षातून एकदा, आकाशकंदील टांगण्यासाठी गॅलरीचे दार पुन्हापुन्हा उघडले जाते त्या दिवसांत, गुडघ्यावर बसून खालची खोबण नीट पाहण्याची सवय. गुंतवळ काढलेला रोलर पुन्हा फिरू लागला आणि ओतलेले पेलाभर पाणी बाहेरच्या बाजूने ठिबकू लागले, की त्या दाराची पुढच्या पावसाळ्याची तयारी पुरी झाली.