मानेवरची ती रेघ

व्हिडिओ गेममधले एखादे पात्र एरवी अगदी हुबेहूब दिसते. मग ते मान वळवते आणि हनुवटीखाली एक बारीक रेघ चमकून जाते. डोके एकीकडे घडवले आणि धड दुसरीकडे, हे गुपित ती रेघ फोडते.

संगणकातले शरीर म्हणजे त्रिकोण-चौकोनांची पोकळ जाळी. चेहऱ्याला ओठ-पापण्या हलवायच्या असतात म्हणून ती दाट लागते, पाठीला विरळ चालते. त्यामुळे अवयव बरेचदा सुटे घडवून नंतर जोडतात. समजा, डोक्याच्या काठावर 32 बिंदू आहेत आणि धडाच्या काठावर 24, तर 8 बिंदूंना जोडीदारच उरत नाही. बाही मुंढ्यापेक्षा मोठी झाली की शिंपी जादा कापड चुण्यांमध्ये मुरवतो, तसे हे जादा बिंदू जबड्याखाली, नजर जाणार नाही अशा जागी हळूहळू कमी करतात. मग समोरासमोरचे बिंदू एकमेकांत विलीन करायचे.

एवढे करूनही रेघ दिसू शकते. प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठभागाचा रोख कोणीकडे आहे, यावरून तिथे किती उजेड दाखवायचा हे संगणक ठरवतो. काठ जुळले, पण दोन्ही बाजूंचे रोख जुनेच राहिले, तर एकाच जागी उजेडाची दोन वेगळी मापे पडतात. फरक अगदी किरकोळ असला तरी डोळा तो सोडत नाही. दोन छटा जिथे भेटतात, तिथे आपल्याला प्रत्यक्षात नसलेले गडद आणि उजळ पट्टे दिसतात, हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी 1865 मध्ये दाखवले होते. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी शेजारच्या पेशींचा संदेश दाबतात, त्यामुळे कडा अधिक ठळक होतात, असे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. दगडाची कड ओळखायला हा गुण उपयोगी. अ‍ॅनिमेटरला मात्र डोकेदुखी. अमेरिकेतील युटा विद्यापीठात आंरी गूरो यांनी 1971 मध्ये छटा बिंदूगणिक हळूहळू बदलण्याची पद्धत मांडली. त्यासाठी त्यांनी पत्नीच्या चेहऱ्यावरच जाळी आखून मोजमापे घेतली होती. त्या पद्धतीने जाळीचे कोन बरेच लपले, तरी माखचे पट्टे पुरते गेले नाहीत.

स्थिर चित्र साधले की हालचाल उरते, आणि ती जास्त अवघड. जाळीच्या आत हाडांचा सांगाडा बसवतात आणि कोणता बिंदू कोणत्या हाडामागे किती टक्के जाईल, हे ठरवून देतात. मनगटाजवळची ही वाटणी घाईत केली, तर हात पालथा करताच मनगट चॉकलेटच्या कागदासारखे पिळले जाते. याचे उत्तर आपल्याच हातात आहे. कोपर टेबलावर टेकवून तळवा उलटसुलट करून पाहा. पीळ मनगटात पडत नाही. पुढच्या हातातली दोन हाडे एकमेकांवर तिरकी होतात आणि वळण कोपरापासून मनगटापर्यंत वाटले जाते. म्हणून जाणकार कलाकार तिथे पीळ वाटून घेणारी जादा हाडे घालतात.

हे सारे केवळ करमणुकीपुरते असते तर या सदरात त्याचे काम नव्हते. मोटारीच्या धडकेत शरीराचे काय होते, हे तपासायलाही संगणकातली माणसे वापरतात. टोयोटाचे ‘थम्स’ हे असे मॉडेल 2000 साली आले आणि 2021 पासून विनामूल्य उपलब्ध आहे. अशा मॉडेलमध्ये जोड म्हणजे बळाची वाट. दोन ऊतींच्या सीमेवरचे बिंदू एक झाले नाहीत आणि दुसऱ्या कोणत्या प्रकारेही बांधले गेले नाहीत, तर धक्का पलीकडे नीट पोहोचत नाही आणि इजेचा अंदाज चुकतो. पडद्यावरची रेघ निदान दिसते तरी. इथली फट बाहेरून कळतही नाही. उलट चूकही तितकीच घातक. गुडघ्यातले कूर्चांचे पृष्ठभाग एकमेकांवरून सरकायला हवेत. तिथले बिंदू चुकून विलीन झाले, तर त्या माणसाचा गुडघा जन्मजात आखडलेला असतो आणि धडकेची सारी गणिते त्या आखडलेल्या पायावर होत राहतात.