चाकांवरून बर्फाकडे

देवगाव रंगारीत बर्फ दिसतो तो रसवंतीवर, नाहीतर गोळ्याच्या गाडीवर. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातल्या या गावाची थंडी गहू-हरभऱ्याला मानवणारी. पहाटे शेकोटी लागते आणि दहा वाजेपर्यंत स्वेटर अंगावरून उतरतो. इथल्या मुलाला ‘हिवाळी खेळ’ म्हणजे काश्मीर-हिमाचलच्या लोकांचं काम वाटलं, तर त्यात नवल नाही. मला मात्र हा समज मोडायचा आहे. हिवाळी खेळांचा मोठा भाग डोंगरातल्या हिमावर चालतच नाही. तो चालतो छपराखाली, यंत्राने गोठवलेल्या पाण्यावर, आणि ते पाणी कुठेही गोठवता येतं.

७ ते १४ फेब्रुवारी २०२५ या काळात चीनमधल्या हार्बिन शहरात नववी आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धा झाली. भारताचं पथक ८८ जणांचं होतं, त्यात ५९ खेळाडू. स्कीइंग, फिगर स्केटिंग, शॉर्ट ट्रॅक आणि लाँग ट्रॅक स्पीड स्केटिंग अशा प्रकारांत ते उतरले. पदक मिळालं नाही. मार्च १९८६ मध्ये जपानच्या साप्पोरोत पहिली स्पर्धा भरली, तेव्हा भाग घेणारे देश अवघे सात होते आणि भारत त्यातला एक होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून आपण या अंगणात आहोत आणि ३९ वर्षांनंतरही पदकांची पाटी कोरीच आहे.

याच हार्बिनमध्ये पुरुषांच्या कर्लिंगचं, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाचं, सुवर्ण कोणी घेतलं? फिलिपिन्सने, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला हरवून. नारळी-पोफळीचा, कायम दमट हवेचा देश! त्यांचे बहुतेक खेळाडू स्वित्झर्लंडमध्ये वाढलेले फिलिपिनो वंशाचे होते हे खरं. पण त्यामुळे माझा मुद्दा पक्काच होतो. देशाची हवा कशी आहे यापेक्षा खेळाडूच्या पायाखाली बर्फ किती तास असतो, यावर सगळं ठरतं.

आता हा बर्फ बनतो कसा ते पाहू. काँक्रीटच्या थराखाली नळ्यांचं जाळं पसरलेलं असतं. त्यातून ग्लायकॉल किंवा मिठाचं अतिथंड द्रावण सतत फिरतं. वर पाण्याचे पातळ फवारे मारत एकेक थर गोठवतात आणि काही सेंटिमीटर जाडीची लादी तयार होते. साधारण ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद. खेळाडूंच्या बुटांखालच्या पात्यांनी ती खरवडली जाते, म्हणून मधूनमधून एक गाडी फिरवून वरचा थर तासतात आणि त्यावर गरम पाणी पसरतात. गरम पाण्याने लादी अधिक एकजीव होते. शॉर्ट ट्रॅकची एक फेरी १११.१२ मीटरची असते. ५०० मीटरची शर्यत साडेचार फेऱ्यांत संपते. यंत्रं थांबली की बर्फ गेला, म्हणजे खरा खर्च बांधकामापेक्षा विजेचा आणि देखभालीचा.

डेहराडूनमध्ये नेमकं तेच घडलं. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी तिथे आइस रिंक उभारलं गेलं. हिमावरचे प्रकार औलीला झाले. स्पर्धा संपली आणि ते रिंक वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं. त्या काळात आपल्या मुलांना आधार होता तो गुरुग्रामच्या मॉलमधल्या छोट्या रिंकचा, नाहीतर लेहच्या गोठलेल्या तळ्यांचा. लडाखच्या मुली स्वतः पाणी सोडून, रात्री ते गोठू देऊन आइस हॉकी खेळत आल्या. २०१७ मध्ये बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सवर ४-३ अशी मात केली, तो भारताच्या महिला संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. २०२५ मध्ये यूएईतल्या अल ऐनला त्यांनी आशिया कपचं कांस्यही आणलं. थोडं दिलं तरी ही मुलं केवढं परत देतात!

मैदानी प्रदेशातल्या मुलांची वाट चाकांवरून जाते. भारताचे बर्फावरचे बहुतेक वेगवान स्केटर आधी रोलर किंवा इनलाइन स्केटिंग शिकलेले असतात. गुडघे वाकवून खाली बसणं, वळणावर पायावर पाय टाकत डावीकडे झुकणं, पुढच्याच्या पाठीमागे वारा चुकवणं, हे सगळं चाकांवरच अंगात मुरतं. बर्फावर नवीन शिकावी लागते ती पात्याची धार: चाक जिथे धरून ठेवतं तिथे पातं निसटतं. फ्लोरिडाच्या उन्हात इनलाइन शिकलेली एरिन जॅक्सन २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये ५०० मीटरचं सुवर्ण जिंकली, ती याच वाटेने.

आणि चाकांवर आपण मागे नाही. २ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रोलर रिलेचं कांस्य भारताने घेतलं. त्या पुरुष चौकडीत आर्यनपाल सिंग घुमन आणि आनंदकुमार वेलकुमार यांच्यासोबत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही दोन मराठी नावं होती. तमिळनाडूचा वेलकुमार पुढे २०२५ मध्ये चीनमध्ये १००० मीटरचा जगज्जेता झाला. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धेत, लेहच्या बर्फावर, महाराष्ट्राच्या मुलामुलींनी सुवर्णपदकं घेतली आहेत. मोठं आइस रिंक अंगणात नसताना.

परका खेळ मराठवाड्यात रुजत नाही, असं कोणी म्हणत असेल तर त्याने छत्रपती संभाजीनगरची तलवारबाजी पाहावी. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं (साई) केंद्र आणि शहरातले प्रशिक्षक यांच्या जोरावर या जिल्ह्याने किती राष्ट्रीय खेळाडू घडवले! हॉल होता, शिकवणारा होता, मुलं आपोआप आली. स्केटिंगची पहिली पायरी तर त्याहून स्वस्त: गुळगुळीत सिमेंटचा एक तुकडा, हेल्मेट, गुडघ्याची पॅडं आणि शाळेच्या मालकीचे स्केटचे वीस-पंचवीस जोड. अद्रक-कपाशीच्या गावांत असा तुकडा तालुक्याला एक मिळणं अशक्य नाही. अडचण जोडांची नाही, शिकवणाऱ्याची आहे, आणि ती क्रीडा विभागाने मनावर घेतली तर सुटते.

डेहराडूनचं ‘हिमाद्री’ रिंक २०२५ मध्ये पुन्हा गोठवलं गेलं. २० ते २३ ऑगस्टला, ऐन पावसाळ्यात, तिथे आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. बाहेर पाऊस आणि आत बर्फ. त्या रिंकची यंत्रं आता स्पर्धेपुरती नव्हे तर बारा महिने चालायला हवीत. बर्फ नसलेल्या राज्यांनी आपल्या रोलर स्केटर्सची शिबिरं तिथे पाळीपाळीने भरवावीत, आणि विजेच्या बिलाचा आपला वाटा अर्थसंकल्पात आधीच लिहून ठेवावा. महाराष्ट्राने ही मागणी सर्वांत आधी करावी.